पुष्पक हवे, पण कोणते?

दिवाळी आली की रामायणातल्या पुष्पक विमानाची आठवण निघते. लंकेहून अयोध्येपर्यंतचा तो प्रवास आपल्या कीर्तनकारांनी इतक्या वेळा रंगवून सांगितला आहे की, त्यात काही विचारण्याजोगे उरले असेल असे कोणाला वाटत नाही. मला मात्र लहानपणापासून एक शंका आहे. ते विमान चालवीत कोण होते? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. कोणीही नाही. स्वामीच्या मनात आले की ते निघे, मनात आले की थांबे. आणि कितीही मंडळी बसली तरी आणखी एकाला जागा उरे. चालक नको, वजनाचा हिशेब नको, पेट्रोल नको, आडव्या वाऱ्याची धास्ती नको. मोठी सुखाची गोष्ट आहे, आणि सणाच्या दिवसांत ती ऐकावी हेच बरे. माझी तक्रार एवढीच की, विमानाविषयीची आपली सारी समजूत अजून त्याच आसनावर मांडी घालून बसली आहे. विमान म्हणजे बसण्याची वस्तू, पोहोचण्याची वस्तू. शिकण्याची वस्तू म्हणून तिच्याकडे पाहणारा माणूस आपल्याला एक तर पोरकट वाटतो, नाही तर गर्भश्रीमंत.

याच देशात दुसरेही एक पुष्पक होऊन गेले. १९५८ साली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातून ते पहिल्यांदा आकाशात गेले. दोन माणसांचे, कापड ताणून मढवलेले, डोक्यावर पंख आणि शेपटीखाली एक चिमुकले चाक असलेले. शक्ती म्हणाल तर अवघी ९० अश्वशक्ती. त्या कारखान्यात विमानांच्या आराखड्यांची धुरा वाहत होते डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्यासारख्या आचार्यांपाशी शिकून आला, आणि १९५१ साली आकाशात गेलेले एच. टी. २ हे आपले शिकाऊ विमान त्याच्याच देखरेखीखाली घडले. पुढे कित्येक वर्षे देशभरातील फ्लाइंग क्लबांत पोरे पुष्पकावर शिकली. या पुष्पकाला मनातले काही कळत नसे. त्याला हाताने सांगावे लागे, पायाने सांगावे लागे, आणि चुकीचे सांगितले तर ते तसेच चुकीचे वागून दाखवी. म्हणूनच ते शिकवी.

वाचकहो, या दोन पुष्पकांपैकी आपल्याला कोणते हवे, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आणि दुसरे हवे, हे माझे उत्तर मी आरंभीच सांगून टाकतो.

हे सांगणारा मी कोण? मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. नंतर चित्रकलेच्या परीक्षा दिल्या तेवढ्याच. वय शेहेचाळीस. चार कादंबऱ्या नावावर आहेत, त्यांपैकी एक खपली. माझा मामा एका फ्लाइंग क्लबाच्या हँगरमध्ये मेकॅनिक होता. त्याच्या आधाराने विसाव्या वर्षी मी तेरा तास चाळीस मिनिटे उडालो, त्यात दोन वेळा एकटा. मग वडील अंथरुणाला खिळले, नोकरी धरावी लागली, आणि लॉगबुक ट्रंकेत गेले. सव्वीस वर्षांनी, खपलेल्या कादंबरीच्या पैशांवर, मी पुन्हा शिकायला लागलो आहे. परवान्याच्या हिशेबात त्या जुन्या तासांवर विसंबून चालत नाही. पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तशी मी केली आहे. या दोन वर्षांत मला जितका उपदेश मिळाला तितका लग्नातही मिळाला नव्हता. तो तीन प्रकारचा आहे, आणि तिन्ही प्रकारांशी माझे भांडण आहे.

पहिला उपदेश शिक्षकांच्या खोलीतला. "सर, या वयात?" या दोन शब्दांत सारा युक्तिवाद संपतो असे बोलणाऱ्याला वाटते. कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. आपल्या देशात शिकाऊ वैमानिकाच्या परवान्याला वयाची सोळा वर्षे पूर्ण लागतात, खाजगी वैमानिकाच्या परवान्याला सतरा, आणि दोन्हींसाठी शिक्षण दहावीचे पुरते. किमान चाळीस तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. कमाल वयाची अट नाही. वय चाळिशी ओलांडले की वैद्यकीय तपासणी अधिक वरचेवर होते, हृदयाचा आलेख निघतो, आणि शरीर नको म्हणाले तर तिथेच पूर्णविराम. म्हणजे माझे वय झाले की नाही हे ठरवायला डॉक्टर नेमलेला आहे. चहाच्या कपावर वाकलेल्या मंडळींनी ते काम अंगावर घेऊ नये.

ज्यांना उदाहरण लागते त्यांच्यासाठी एक देतो. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले. त्याच उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, ते पुन्हा कराचीहून मुंबईला एकटे उडत आले. लेपर्ड मॉथ नावाच्या एकाच इंजिनाच्या जुन्या विमानातून, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. कोणी म्हणेल, ते टाटा होते. खरे आहे, पण हवा आडनाव विचारत नाही.

शिक्षक म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. प्रौढ विद्यार्थी मंद असतो असे आपण धरून चालतो. तो मंद नसतो, तो चौकस असतो. विशीत मला सांगितले की उजवा पाय दाब, मी दाबला. आता मी विचारतो, का? पंख्याच्या फिरण्याने विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते म्हणून, हे उत्तर मिळेपर्यंत माझा पाय हलत नाही. तास अधिक लागतात, पैसे अधिक लागतात, पण शिकलेले मुरते. रात्रशाळेत ज्याने कधी शिकवले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

दुसरा उपदेश नातेवाइकांचा. "नोकरी लागणार आहे का?" नाही, लागणार नाही. नोकरीचा परवाना वेगळा. त्याला दोनशे तास लागतात, बारावी लागते, आणि माझ्याकडे दोन्ही नाहीत. पण विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराला कोणी विचारते का, की बाबा रे, तू पुढे कोळी होणार आहेस का? पेटी शिकणाऱ्या मुलीला संगीत नाटकाच्या कंपनीत जागा मिळेल का, अशी चौकशी कोणी करते का? विमान मात्र पगाराच्या आकड्याशिवाय आपल्याला दिसतच नाही.

खर्चाचा आक्षेप मी टाळत नाही. तासाला पाच आकडी रुपये जातात, आणि मास्तराच्या घरात तो आकडा लहान नाही. म्हणून मी महिन्यातून तीन-चार तासच उडतो. पण ज्या गावात एका संध्याकाळच्या मांडवावर, घोड्यावर आणि डीजेवर लाखो रुपये उधळले जातात आणि त्याला कोणी चैन म्हणत नाही, त्या गावाने माझ्या तासांना चैन म्हणावे याची मला गंमत वाटते. १९२८ च्या सुमारास मुंबई, दिल्ली येथे फ्लाइंग क्लब निघाले, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारने अशा क्लबांना अनुदानही दिले, ते काही केवळ नोकऱ्यांसाठी नव्हे. चार माणसांनी हवेची विद्या शिकावी ही त्यामागची एक समजूत होती. ती आता सुटत चालली आहे. फ्लाइंग क्लब म्हणजे मोठ्या विमान कंपन्यांची पूर्वतयारी, एवढाच अर्थ उरत चालला आहे. आणि हा अर्थ विद्यार्थ्यापाशी थांबत नाही, तो विमानाच्या निवडीपर्यंत जाऊन पोहोचतो. इथेच तिसरा उपदेश सुरू होतो, आणि माझे खरे भांडण त्याच्याशी आहे.

"शिकायचेच आहे तर नव्या विमानावर शीक. जुने खटारे कशाला?"

पुन्हा सुरुवात करायचे ठरले तेव्हा मी तीन-चार ठिकाणी चौकशी केली. एका संस्थेत मला गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक दिले. त्यात विमानापेक्षा विमानातल्या पडद्यांचे फोटो अधिक होते. वेग, उंची, दिशा, नकाशा, इंजिनाची प्रकृती, सारे दोन रंगीत पडद्यांवर. "सर, हुबेहूब जेटसारखे," तिथला तरुण म्हणाला. मी विचारले, इन्स्ट्रक्टर किती दिवस टिकतात? त्याने पुन्हा पडद्याचे वर्णन सांगितले. मी विचारले, दुरुस्तीसाठी विमान वर्षातून किती दिवस उभे असते? त्याने चहा मागवला. फी मात्र सगळी आगाऊ हवी होती.

शेवटी मी ज्या विमानावर बसलो ते सेस्ना १५२. दोन माणसांचे, खांद्याला खांदा लावून बसायचे. पंख वर, ११० अश्वशक्तीचे इंजिन, फार तर ताशी १९० किलोमीटरच्या आसपास चाल. हे विमान कारखान्यात १९७७ ते १९८५ एवढीच वर्षे बनले, आणि साडेसात हजारांवर बनले. म्हणजे आज जगात उडणारे प्रत्येक १५२ चाळीस वर्षांचे झाले आहे किंवा होण्याच्या बेतात आहे. आम्ही जवळजवळ एका वयाचे. दोघांनाही तपासणी वरचेवर लागते, दोघांचेही काही भाग मूळचे राहिलेले नाहीत. पण शिकण्यासाठी मला त्याहून चांगला सोबती दिसत नाही, आणि हे मी जुन्याच्या मायेपोटी म्हणत नाही. माझी कारणे ऐका.

पहिले कारण डोळ्यांचे. आपल्या भाषेत वाचायच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. भाषेने आमच्यावर केलेला हा जुना विनोद आहे. चष्मा लावून उडता येते, मात्र जास्तीचा एक जवळ बाळगावा लागतो. आता विचार करा. पडद्यावर वेग आकड्यांत लिहून येतो; तो वाचावा लागतो. जुन्या विमानात समोर सहा मुख्य तबकड्या असतात, आणि त्यांतले बहुतेक काटे वाचावे लागत नाहीत, ते कुठल्या दिशेला झुकले आहेत एवढे नुसते दिसावे लागते. भिंतीवरच्या घड्याळातले आकडे आपण कुठे वाचतो? काटे बघतो आणि वेळ कळते. नजर पुन्हा खिडकीबाहेर जाते. उतरताना नजर बाहेर असणे हाच तर सगळा धडा आहे.

दुसरे कारण वजनाचे. रामायणातल्या पुष्पकात आणखी एकाला जागा उरे. १५२ मध्ये आणखी एक पिशवी ठेवताना विचार करावा लागतो. या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ७५७ किलो. रिकामे विमान पाचशे किलोंच्या थोडे वर. दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या तर पेट्रोल सुमारे सत्तर किलो. उरले पावणेदोनशे किलोंच्या आतबाहेर. माझा इन्स्ट्रक्टर चौऱ्याऐंशी किलो, मी अठ्ठ्याऐंशी. करा बेरीज! म्हणून आम्ही टाक्या भरून घेत नाही. तासाला साधारण तेवीस लिटर लागतात. धड्यापुरते आणि वर पुरेसे राखीव एवढेच घेतो. त्यात वैशाखातली दख्खनची हवा. हवा तापली की विरळ होते, पंखाला आधार कमी मिळतो, इंजिनाचा दम कमी होतो, आणि विमान धावपट्टी अधिक खाते. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी सातला उडतो, दुपारी नाही. ही सारी गणिते चार आसनांचे, दणकट इंजिनाचे विमान माझ्यासाठी गिळून टाकील. मला ती करावीच लागणार नाहीत. काही जण हाच त्या विमानाचा गुण मानतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मी त्याला दोष म्हणतो. दुबळे विमान विद्यार्थ्याला हिशेब शिकवते.

चार आसनांचा मोह गृहस्थाला फार असतो, हे मला मान्य आहे. सेस्ना १७२ पहिल्यांदा १९५५ साली उडाले, आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक बनले. इतक्या संख्येने दुसरे विमान बनलेले नाही. विमान उत्तम. मनात येते की पुढेमागे बायको मागे बसेल, मुलगी बसेल. पण शिकाऊ माणसाला प्रवासी नेताच येत नाहीत! मग परवाना मिळेपर्यंत त्या दोन रिकाम्या आसनांचे पेट्रोल का जाळावे? तासाला तेवीसच्या जागी पस्तीसच्या घरात लिटर. आधी उडायला शिकावे. मंडळी कुठे पळून जात नाहीत.

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि ते जिवाशी निगडित आहे. विमान हवेत राहते ते पंखामुळे, इंजिनामुळे नव्हे. पंख समोरच्या हवेला थोडा तिरपा सामोरा जातो. हा तिरपेपणा साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा त्याला सोडून देते आणि आधार ढासळतो. याला स्टॉल म्हणतात. उपाय एकच: नाक खाली करणे. पडत असताना नाक खाली करा, असे सांगितल्यावर माणसाचा हात ऐकत नाही. तो घाबरून वर ओढतो. हाताची ही जन्मजात खोड मोडण्यासाठी उंचावर जाऊन पुन्हा पुन्हा स्टॉल करावा लागतो. लहान, हलके विमान ते आधीपासून सांगते. हातातले योक सैल पडते, वाऱ्याचा आवाज बदलतो, अंगाखाली थरथर होते. या खुणा अंगात भिनल्या की मरेपर्यंत जात नाहीत.

जात नाहीत म्हणजे काय, ते २००९ या एकाच वर्षात जगाने दोनदा पाहिले. १५ जानेवारीला न्यूयॉर्कहून उडालेल्या एअरबसच्या दोन्ही इंजिनांत पक्षी गेले. कॅप्टन सलनबर्गर यांनी ते विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले, आणि विमानातले सर्व १५५ जीव वाचले. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न होते. उडायला ते शिकले सोळाव्या वर्षी, ॲरोंका जातीच्या दोन आसनी विमानात. आणि आपले बंगलोरचे पुष्पक ज्या विमानाच्या धर्तीवर बांधले होते तेही ॲरोंकाच, त्याच घरातले भावंड. त्या दिवशी एअरबसच्या संगणकांनीही हात दिला, हे सांगितले पाहिजे. पण नदी निवडली ती माणसाने. त्याच वर्षी १ जूनला रिओहून पॅरिसला निघालेले दुसरे एक एअरबस अटलांटिकमध्ये कोसळले आणि २२८ माणसे गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले, वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले, आपोआप चालणारी यंत्रणा सुटली. विमान स्टॉल झाले, आणि नाक वरच धरलेले राहिले. चौकशीने त्याची अनेक कारणे नोंदवली आहेत, आणि गेलेल्या वैमानिकांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. पण पडदा गोंधळला तेव्हा मागे उरते ती फक्त मुरलेली विद्या, एवढे त्यावरून कोणीही समजावे.

छोट्या विमानांपुरतेही बोलता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली पडद्यांची विमाने आणि काट्यांची विमाने यांची तुलना प्रसिद्ध केली. पडद्यांच्या विमानांना एकूण अपघात कमी झाले होते, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण त्यांच्यात अधिक निघाले. मंडळाने पडदे फेकून द्या असे म्हटले नाही. त्या पडद्यांचे वेगळे शिक्षण द्या असे म्हटले. माझेही म्हणणे तेच आहे. शाळेत मी मुलांना आधी पेन्सिल देतो, रंगांचा पेटारा नंतर. पेटाऱ्याशी माझे वैर नाही. पण ज्याला सरळ रेघ येत नाही त्याच्या हाती छत्तीस रंग दिले तर चित्र होत नाही, रंगपंचमी होते.

आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करतो, नाही तर हा लेख वकिली ठरेल. जुने विमान म्हणून डोळे मिटून बसू नये. चाळीस वर्षांच्या धातूला गंज लागतो, सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, आणि विमान तीन महिने हँगरमध्ये उभे राहिले तर प्रौढ विद्यार्थ्याचेच सर्वांत अधिक नुकसान होते, कारण तो लवकर विसरतो. शिवाय या जुन्या इंजिनांना लागणारे पेट्रोल शिसे घातलेले असते. ते आपल्याकडे बाहेरून येई; २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याच्या कारखान्यात बनवू लागली, ही सोय झाली, पण शिसे ते शिसेच. रोटॅक्स जातीची नवी इंजिने बिनशिशाच्या पेट्रोलवर चालतात आणि पितातही कमी. बंगलोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने घडवलेले हंसा हे दोन आसनी विमान १९९३ साली पहिल्यांदा उडाले, त्याची नवी आवृत्ती २०२१ साली. त्यात असेच इंजिन आहे. माझ्या तालुक्याच्या आसपास हंसा मिळाले असते तर मी आधी त्याचे दार ठोठावले असते. तेव्हा माझा आग्रह जुनेपणाचा नाही. लहान, हलके, दोन माणसांचे, आणि विद्यार्थ्याची चूक लपवून न ठेवणारे विमान असावे, हा आग्रह आहे. असे विमान नवे मिळाले तर दुधात साखर.

निवड कशी करावी हे मला पुस्तकाने सांगितले नाही, आमच्या घरातून सांगण्यात आले. मी लॉगबुक ट्रंकेतून काढले तेव्हा सौभाग्यवतींनी भांडण केले नाही. डाळ निवडता निवडता त्यांनी विचारले, "अहो, शिकवणार कोण? दुरुस्त करणार कोण? आणि बंद पडले तर दुसरे आहे का?" मी थक्क झालो. विमानाच्या जगात वर्षानुवर्षे वावरणारी माणसे याहून शहाणा प्रश्न विचारीत नाहीत.

शिकवणार कोण? सहा महिन्यांत नोकरी लागताच निघून जाणारा इन्स्ट्रक्टर असेल तर विमान सोन्याचे असून उपयोग नाही. दर नव्या माणसापुढे आपण पुन्हा श्रीगणेशा करतो. दुरुस्त करणार कोण? हँगरमध्ये जावे, मेकॅनिकशी बोलावे, विमानाची आणि इंजिनाची लॉगबुके पाहायला मागावीत. शंभर तासांच्या तपासण्या नीट नोंदवल्या आहेत का, इंजिन कधी उघडले होते, हे त्यात लिहिलेले असते. माझा मामा म्हणे, ज्या हँगरची फरशी स्वच्छ तिथले इंजिनही स्वच्छ. दाखवायला कोणी कुरकुरले तर नमस्कार करून परत यावे. आणि बंद पडले तर दुसरे आहे का? एकाच जातीची दोन-तीन विमाने असतील तिथे शिकावे. आज हे, उद्या ते, असे केल्याने प्रौढ हात गोंधळतात. सेस्नात पेट्रोल वरच्या पंखातून आपल्या वजनाने खाली येते. पंख खाली असलेल्या पायपरमध्ये पंप लागतो आणि डावी टाकी की उजवी ते वैमानिकाला बदलत राहावे लागते. दोन्ही विमाने चांगली. पण एका घरची सवय दुसऱ्या घरी नेली की घोटाळा होतो, हे नव्या सुनेला विचारा.

फ्लाइंग क्लब चालवणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. मोठ्या विमानांकडे जाणाऱ्या मुलांसाठी पडद्यांची विमाने जरूर आणा. त्यांना ती लागणारच. पण एखादे लहान दोन आसनी विमान रांगेत राहू द्या, आणि जो कोणी मास्तर, दुकानदार, पेन्शनीतली बाई चाळीस तासांपुरते आकाश मागायला येईल, तिला माहितीपत्रक न देता हँगर दाखवा. विमानाची विद्या केवळ पगार मागणाऱ्यांच्या हाती राहिली तर ती एक दिवस केवळ यंत्रांच्या हाती जाईल, आणि आपण पुन्हा त्या पहिल्या पुष्पकात बसू: चालक नाही, चिंता नाही, आणि का पडतो आहोत हे सांगणाराही कोणी नाही.

आणि आपल्याला, फराळाच्या ताटाशी हा अंक उघडून बसलेल्या वाचकांना, एवढेच सांगायचे. आपल्याही घरातल्या एखाद्या ट्रंकेत कोणाचे तरी अर्धे भरलेले लॉगबुक असेल. ते विमानाचे असेलच असे नाही. उद्या त्या माणसाने ते बाहेर काढले तर, या वयात का, आणि मिळणार काय, हे दोन प्रश्न कृपा करून विचारू नका. शिकवणार कोण, दुरुस्त करणार कोण, एवढे विचारा. उत्तरे ठीक आली तर डबा भरून द्या. सकाळी सातच्या उड्डाणाला साडेचारला निघावे लागते, आणि रिकाम्या पोटी आडवा वारा फार लागतो.